पाठीमागचे हात

शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. गुरुजी म्हणत, पोरं म्हणत, तिच्याहून वयाने मोठे पालकही म्हणत. शेवंतीचं वय तेव्हा सत्तावीस होतं. पण चुलीशी उभी राहून साठ पोरांची खिचडी ढवळणारी बाई कुठल्याही शाळेत मावशीच असते.

डहाणू तालुक्यात, चिकूच्या वाड्यांना लागून असलेली ती शाळा द्विशिक्षकी होती. दोन गुरुजी आणि चार इयत्ता. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत. एका इयत्तेला फळ्यावर गणितं घालून द्यायची आणि तेवढ्यात दुसरीला धडा वाचून दाखवायचा, असा दिवस रेटावा लागे. त्यात मागे पडणाऱ्या पोरांपाशी बसायला कुणाला वेळ? शेवंती बारावी झालेली. पोषण आहाराची भांडी घासून झाली की तिचे दोन तास रिकामे असत. एके दिवशी मोठे गुरुजी म्हणाले, "मावशी, ह्या पाचसहा जणांना जरा व्हरांड्यात घेऊन बसता का? निदान वह्या तरी पुऱ्या होतील."

वह्या पुऱ्या करायच्या, एवढं तिने मनावर घेतलं.

त्या पाचसहा जणांत किसन होता. दुसरीतला. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येई आणि किसनचे आईबाप भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात, ते पावसाच्या तोंडावर परतत. किसनही जाई. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष भट्टीवर आणि उरलेलं अर्धं, गेलेलं वर्ष शोधण्यात. तो मुका नव्हता, मंद तर नव्हताच. बेचकी कुणाची किती लांब जाते, कुठल्या झाडावर मध लागलाय, हे त्याला विचारावं. पण वही समोर आली की पोरगा दगड होई.

शेवंती त्याच्या शेजारी बसे. त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवी आणि लिही. ओळीमागून ओळ, पानामागून पान. किसनची पेन्सिल, किसनचा हात, आणि चालवणारी शेवंती. तिचं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे किसनचंही सुरेख येई. गुरुजी लाल शाईने बरोबरची खूण करत. केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा त्यांनी ती वही उलटसुलट पाहिली आणि मान डोलावली. शेवंतीला त्या दिवशी फार बरं वाटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, तिचा जीव होता त्या पोरावर. त्याच्या तळव्यातला काटा तिनेच काढलेला, त्याच्या डोक्याला तेल तिनेच लावलेलं. मधल्या सुट्टीत सदऱ्याची बटणं उघडी टाकून तो पळत आला की तीच ती लावून देई. लावताना म्हणे, "उभा राहा नीट." तो नीट उभा राही.

एक गोष्ट मात्र तिने पाहिली होती आणि पाहून न पाहिल्यासारखी केली होती. हात लिहीत असताना किसनचे डोळे वहीवर नसायचे. व्हरांड्यासमोरच्या चिकूवर साळुंक्या भांडत, त्यांच्याकडे असायचे. पान संपलं की तो विचारी, "झालं?"

पुढल्या वर्षी किसन तिसरीत गेला, त्याच्या पुढल्या वर्षी चौथीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं. कायद्याचा हेतू पोराला शाळेतून हाकलू नये असा होता, आणि तो मला आजही योग्य वाटतो. पण हाकलायचं नाही म्हणजे बघायचंही नाही, असा अर्थ कायद्यात कुठे लिहिलेला नाही. तो आपण काढला.

2017 च्या जूनमध्ये शेवंतीच्याच पाड्यावर अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. तिने अर्ज केला, निवड झाली. शाळेत कुणाला फारसं रुचलं नाही. धाकटे गुरुजी म्हणाले, "इथे राहिला असता तर पुढेमागे काहीतरी झालं असतं. तिथे काय, शेंबूड पुसायचे आणि खिचडी शिजवायची." सासूचंही तेच मत. शाळा वरची आणि अंगणवाडी खालची, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की कुणाला त्याचं काही वाटतही नाही. सरकारच्या कागदावरही गुरुजींना वेतन असतं, सेविकेला मानधन. जिथे माणसाचा पाया भरला जातो तिथल्या कामाला आपण मान देऊन भागवतो, आणि तोही कागदावरच.

पहिल्या दिवशी पटावरच्या तेवीसपैकी सतरा पोरं आली आणि त्यातली नऊ रडत होती. शेवंतीने नवे खडू आणले होते. फळ्यावर मोठा 'अ' काढला, शेजारी अननस काढला. एकही पोर फळ्याकडे बघेना. एकाने खडू खाल्ला. आठवडाभर तिने फळा लढवला, पण व्यर्थ. दुपारी घरी जाताना तिचा घसा बसलेला असे. शाळेतली साठ पोरं बरी होती, असं तिला वाटू लागलं.

अंगणवाडीत मदतनीस होती ती साठी ओलांडलेली. सगळे तिला आजी म्हणत. आजीचं शिक्षण सातवी, पण तिचं लहानपण कोसबाडच्या पायथ्याशी गेलेलं. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. पोरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. हे आता पुस्तकात वाचायला मिळतं. आजीने ते वाचलेलं नव्हतं. ती त्या अंगणातलं एक पोर होती. 1975 च्या 2 ऑक्टोबरला सरकारने देशभरात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, महाराष्ट्रात ती मेळघाटातल्या धारणीला आली, आणि अंगणवाडी हा शब्द सगळ्या देशाचा झाला. आजीला त्याचं एवढंच अप्रूप होतं की आमच्या अंगणाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं.

दुसऱ्या आठवड्यात मनी नावाची साडेतीन वर्षांची पोर अंगणवाडीत येऊ लागली. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा जुना सदरा, चार मोठी बटणं. आली की सदरा उघडाच असे. शेवंती पटकन खाली वाकली आणि हात पुढे केले.

"ताई, हात मागं घ्या," आजी चुलीपाशी बसून म्हणाली.

शेवंती चपापली. तिला पहिल्यांदा कुणी ताई म्हटलं होतं, आणि म्हणता म्हणता दटावलंही होतं.

"अहो, पोरगी उघडी फिरतेय."

"थंडी नाही, पाऊस आत येत नाही. तिची बोटं बघा."

मनीची बोटं खरंच बटणावर होती. तिने बटण काजाजवळ आणलं, काजाच्या खालून घालायच्या ऐवजी वरून दाबलं. ते सरकलं. पुन्हा दाबलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. आजूबाजूला पोरं ओरडत होती, एक बोका दारातून आत डोकावून गेला, मनीला पत्ता नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात दोन वर्षं बसून शेवंतीने असं लक्ष एकाही वहीवर लागलेलं पाहिलं नव्हतं.

बटण त्या दिवशी लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवंतीचे हात शिवशिवत. शेवटी तिने ते पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं. बारा सेकंदांचं काम होतं. त्यासाठी एका पोरीला अकरा दिवस लागले, आणि अकराही दिवस शेवंतीला वाटत राहिलं की आपण काहीच करत नाही आहोत, फुकटचं मानधन घेतो आहोत. बाराव्या दिवशी खालचं एक बटण काजातून आरपार गेलं. मनीने टाळ्या पिटल्या नाहीत, कुणाकडे पाहिलंही नाही. तिने ते बटण काढलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा काढलं.

आजी मग हळूहळू बोलू लागली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ह्या तिघांच्या चिमटीत बळ आलं नाही तर पोरगं पेन्सिल मुठीत धरतं, आणि मुठीतल्या पेन्सिलीने कागद फाटतो, अक्षर येत नाही. ते बळ फळ्यातून येत नाही. मणी ओवण्यातून येतं, चिखलाचे गोळे वळण्यातून येतं, शेंगा सोलण्यातून, बटणातून येतं. खोलीच्या कोपऱ्यात आजीच्या टोपल्या होत्या. एकीत शिंपले, एकीत चिंचोके, एकीत सागरगोटे. तीन वर्षांच्यांना फक्त सागरगोटे, कारण चिंचोका नाकात जातो आणि तिथे ओलाव्याने फुगतो. कुणी हौसेने गुंजा आणल्या तर आजी त्या घरी नेऊन चुलीत टाकी. लालभडक गुंज पोरांना आवडते आणि ती विषारी असते. शेवंतीने हे कुठल्याच प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं, म्हणून तिने ते लिहून ठेवलं.

पण आजीचे हात सदा मागे असत असंही नाही. नवं पोर रडायला लागलं की ती त्याला कमरेवर घेई आणि एका हाताने लापशी ढवळत दोन तास तशीच वावरे. महिन्याच्या वजनात एका पोराचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरला, तेव्हा शेवंती म्हणाली, पुढच्या महिन्यात बघू. आजी संतापली. त्याच संध्याकाळी ती त्या घरी गेली आणि आईपाशी बसून, पोर काय खातं, किती वेळा खातं, सगळं विचारून आली. दंडाचा घेर मोजायची पट्टी तिने स्वतः लावली. 11.5 सेंटीमीटरच्या खाली घेर गेला तर पट्टीचा रंग लाल, आणि मग दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. पोराचा घेर तेरा भरला तेव्हा ती खाली बसली. "भूक, ताप आणि रडं," ती म्हणाली, "ह्यांना थांबायला सांगायचं नाही. बाकी सगळं थांबतं."

पालकांना थांबता येत नव्हतं. डहाणू गावातल्या नर्सरीत पोरं एबीसीडी लिहितात, आमची इथे चिंचोके मोजतात, अशी कुरबूर होती. शेवंतीने एका सकाळी आयांना बोलावून पोरांसोबत बसवलं आणि मणी ओवायला दिले. तासाभरात कुरबूर थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही.

जुलैत भाताची लावणी सुरू झाली. मनीची आई चिखलात, म्हणून मनीला न्यायला मधल्या सुट्टीत तिचा भाऊ येऊ लागला. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा शेवंतीला आधी सदरा ओळखू आला, मनीच्या अंगातला. ह्याच बटणांवर आपली बोटं दोन वर्षं फिरली होती. मग तिने वर पाहिलं.

"किसन! केवढा झालास रे. चौथीत ना?"

किसन हसला.

कोणतं मूल कुणी नेलं, ह्यासाठी शेवंतीने एक वही घातली होती. आया बहुधा अंगठा करत. तिने किसनपुढे वही सरकवली, पेन दिलं. "मनीच्या नावापुढे तुझं नाव लिही."

किसनने पेन घेतलं. नीट, चिमटीत धरलं. रकान्यावर टेकवलं. आणि तो थांबला. हात सैल सोडून, पेन कागदावर टेकवून, तो नुसता थांबला. त्याने मान वळवली आणि दाराबाहेरच्या झाडाकडे बघू लागला.

शेवंतीला काही क्षण कळेना तो कशासाठी थांबलाय. मग कळलं. तो तिच्या मुठीची वाट बघत होता.

तिचा हात आपोआप उचलला गेला होता. आजी चुलीपाशी बसून बघत होती, पण ह्या वेळी तिने तोंडातून शब्द काढला नाही. शेवंतीने हात मागे घेतला. तिने वही हळूच ओढली, किसनच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "जा, मनीला भूक लागली असेल." दोघं गेल्यावर ती मागल्या दारी जाऊन बराच वेळ उभी राहिली.

त्या रात्री तिला झोप आली नाही. त्या पोराची कुठली ओळ त्याची होती? केंद्रप्रमुखांनी मान डोलावली ती कुणासाठी? आपण त्याला हात दिला असं इतके दिवस वाटत होतं. आपण त्याचा हात घेऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती मोठ्या गुरुजींकडे गेली. हे तिने केलं नसतं तरी चाललं असतं. ती आता शाळेची कुणी नव्हती, कुणी तिला विचारलंही नसतं. म्हणूनच मला ह्या गोष्टीत अंगणवाडीपासून शाळेपर्यंतचं ते पन्नास पावलांचं अंतर सगळ्यात मोठं वाटतं.

"गुरुजी, किसनची दुसरीची वही माझी होती. तिसरीचीही. त्याला नाव लिहिता येत नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मला अक्षर ओळखू आलं होतं, मावशी. तेव्हाच."

दोघंही गप्प बसले. बाहेर चौथीची पोरं बाक आत ओढत होती.

"दीड वाजता सुट्टी होते," गुरुजी म्हणाले. "सुट्टी झाल्यावर तासभर त्याला तुमच्याकडेच ठेवा. हजेरीचं मी बघतो. इकडे सकाळी मी त्याला शेजारी घेतो. फळ्यापासून नाही, पहिल्यापासून."

दहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्या पोरांत बसवलं तर तो मान खाली घालेल, पळेल. आजीने वाट काढली. तिने किसनला सांगितलं, "माझे डोळे गेले रे आता, चिंचोके तू निवडून दे." किसन मदतीला बसला. आजीच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पोरं त्याच्याभोवती जमली, तो त्यांना मणी ओवून दाखवू लागला. डहाणूच्या किनाऱ्यावरची वाळू चाळून एका परातीत भरली होती, तिच्यात पोरं बोटाने रेघा ओढत. किसनही ओढू लागला. शेवंतीच्या लक्षात आलं की त्याला हजारापर्यंत बिनचूक मोजता येतं. भट्टीवर विटांची मजुरी हजारावर मिळते आणि त्याचा बाप थप्प्या त्याच्याकडून मोजून घेई. ज्या पोराची गणिताची वही तिने भरून दिली होती, त्याला गणित येत होतं. वहीत ते उतरायला वाट नव्हती एवढंच.

ऑगस्टात वाळूत 'न' उमटला. तो सोपा. मग 'स'. 'क' चा पोटातला फुगा त्याला फार दिवस जमला नाही. तो पुसे, पुन्हा काढी. एकदा चिडून त्याने परात लाथाडली, वाळू सांडली. शेवंतीने झाडू दिला. त्याने वाळू गोळा केली, चाळली, भरली आणि पुन्हा बसला. मनी त्याच्या बाजूला बसून तिसऱ्या बटणाशी झटत असे.

दिवाळी झाली. चौथ्या दिवशी सकाळी मुकादमाचा टेम्पो पाड्यावर आला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं वर चढलं. किसनची आई मनीला न्यायला स्वतः आली, मागोमाग किसन आला. बाहेर हॉर्न वाजला.

किसन आईला म्हणाला, "थांब." आणि शेवंतीकडे वळून, "वही."

शेवंतीने वही उघडली, मनीचं नाव काढलं, पेन पुढे केलं. किसन जमिनीवर बसला. शेवंतीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

त्याने 'क' काढला. फुगा जरा चपटा आला. मग 'स', मग 'न'. मग तो थबकला. ओठांत पुटपुटला, कि, कि. पहिल्या वेलांटीचा हा त्रास असतो. ती तोंडात मागून येते आणि कागदावर पुढे लिहावी लागते. आणि 'क' तर रकान्याच्या रेघेला चिकटून बसला होता, पुढे जागाच नव्हती. हॉर्न पुन्हा वाजला, ह्या वेळी लांबलचक. बाप हाका मारू लागला. आई म्हणाली, "ताई, लिहून टाका ना तुम्हीच, उशीर होतो."

शेवंती दारात गेली. "दोन मिनिटं," ती टेम्पोच्या दिशेने ओरडली, आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मुकादमाने इंजिन बंद केलं. ती तिथेच, दार अडवून उभी राहिली. हात अजून मागेच होते, एकाने दुसऱ्याचं मनगट आवळलेलं.

आत शांतता होती. किसन रकान्याकडे बघत होता. त्याने पेन उचललं, रेघ ओलांडली, आणि शेजारच्या रकान्यात, मनीच्या नावाला खेटून, वेलांटी काढली. मग डावीकडून उजवीकडे, दोन रकान्यांवरून, एक लांब वाकडी रेघ ओढली, चारही खुणांना एकाच छपराखाली घेणारी.

तो उठला. पेन शेवंतीपुढे धरलं. तिने हात पुढे आणला, पण बोटं बधिर झाली होती आणि पेन तिच्या हातून निसटून खाली पडलं. मनीने ते उचलून दिलं.